स्प्लेंडरचा मागचा ब्रेक पार झोपलाय

प्रसाद (बी-३०२): ग्रुपमध्ये बाईकमधलं कोणाला कळतं का? स्प्लेंडर आहे, २०१६ची. मागचा ब्रेक पार झोपलाय. पायडल पार खाली गेल्यावर कुठे जरा धरल्यासारखं वाटतं. रविवारी दिवे घाटातून जेजुरीला जायचंय, डबलसीट.

सेक्रेटरी (ए-१०४): हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. असो, चालू द्या. आणि लिफ्टजवळ ज्यांची गाडी ऑइल टाकतेय त्यांनी खाली पुठ्ठा ठेवावा. तिसऱ्यांदा सांगतोय.

अमोल (ए-५०३): अरे, मागचा नट आवळ. रॉडच्या टोकाला असतो, हातानेही फिरतो. दोन-चार फेरे दिले की झालं.

प्रसाद: तेच करत आलोय रे. गेल्या महिन्यात गॅरेजवाल्याने पण आवळून दिला होता. आठवड्यात परत तसंच. आता नट आट्यांच्या शेवटाला जाऊन टेकलाय, आवळायला जागाच नाही.

मनीषाताई (सी-२०१): पावसाचं पाणी गेलं असेल. माझ्या स्कूटरला वॉशिंग केलं की दिवसभर असंच होतं.

शेखकाका (सी-१०१): ताई, पाण्याने गेलेला ब्रेक हळू चालवत चार-पाच वेळा दाबला की आतून तापून वाळतो आणि परत येतो. ह्याचं महिनाभर चाललंय, म्हणजे पाणी नव्हे. प्रसाद, खाली जा, गाडी मेन स्टँडवर लाव. कोणाला तरी पायडल हाताने पूर्ण दाबून धरायला सांग आणि चाकाच्या उजव्या बाजूचा फोटो काढ. रॉड जिथे संपतो तिथला. जवळून.

प्रसाद: [फोटो]

शेखकाका: आधी चिखल पूस बाबा. काही दिसत नाही.

प्रसाद: [फोटो]

शेखकाका: हां. रॉड ज्या पट्टीला ओढतो तो ब्रेक आर्म. आर्मच्या बुडाशी पातळ पत्र्याचा बाण आहे बघ, आणि समोर ब्रेकच्या झाकणावर, म्हणजे प्लेटवर, ओतीव खूण. ब्रेक दाबलेला असताना बाण खुणेपर्यंत पोचला की लायनर, म्हणजे चाकातल्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारं अस्तर, संपले असं धरायचं. तुझा बाण खूण ओलांडून पुढे गेलाय.

प्रसाद: पण गॅरेजवाला म्हणाला, लायनर अजून सहा महिने जातील!

शेखकाका: आता फोटो झूम कर. आर्मवर एक ठिपका मारलेला आहे. आर्म ज्या दातेरी दांड्यावर बसलाय त्याच्या तोंडावरही ठिपका आहे. कंपनीतून दोन्ही समोरासमोर येतात. तुझ्यात ते सरकलेत. म्हणजे कोणीतरी आर्म काढून एक दात मागे बसवला, की नटाला परत आवळायला जागा मिळाली. फार जुनी युक्ती आहे. गिऱ्हाईक खूश, लायनर तेच. बाणाचा पत्रा मात्र असा सरकवता येत नाही. त्याचा एक दात रुंद असतो, तो दांड्यावर एकाच जागी बसतो. गॅरेजवाला काही म्हणो, बाणाचं ऐक.

अमोल: मग आणखी एक दात मागे घेतला तर रविवार निघेल की 😄

शेखकाका: अमोल, तुझी गाडी मी शिवणार नाही. तो दांडा म्हणजे कॅम. आतलं टोक चपटं असतं. पायडल दाबलं की ते तिरपं होतं आणि दोन्ही शूंना, म्हणजे लायनर चिकटवलेल्या अर्धगोल तुकड्यांना, बाहेर ड्रमवर ढकलतं. लायनर झिजले की त्याला जास्त फिरावं लागतं, आणि जितकं जास्त फिरेल तितका जोर कमी. दाबल्यावर रॉड आणि आर्ममधला कोन साधारण काटकोनापर्यंत असावा, त्यापलीकडे गेला की पायाची ताकद फुकट. फारच फिरला तर कॅम उभा होऊन तसाच अडकतो आणि चाक जाम. दिवे घाटाच्या वळणावर हे व्हायला नको.

देशपांडेकाका (बी-१०१): ह्यासाठीच मी म्हणतो, मागचा ब्रेक पक्का पाहिजे. पुढचा मी चाळीस वर्षांत कधी दाबला नाही. दाबला की माणूस आडवा.

शेखकाका: देशपांडेसाहेब, मान ठेवून सांगतो, उलटं आहे. थांबताना सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं. म्हणून ड्रम नवा कोरा असला तरी मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा कमीच धरणार, आणि ओल्या रस्त्यावर जास्त दाबला की चाक घसरणार. वाळूवर, वळणात हँडल तिरकं असताना पुढचा झटक्याने दाबला तर माणूस पडतो, ते खरं. पण सरळ रस्त्यावर दोन्ही मिळून दाबा. घाटात तिसरा-दुसरा गिअर, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

देशपांडेकाका: बघू.

नेहा (सी-४०२): काका, माझ्या बाईकला मागे डिस्क आहे. पायडल स्पंजसारखं लागतं, दोन-तीनदा पंप केलं की बरं होतं. हेच का?

शेखकाका: नाही बाळ, तुझं वेगळं. पंप केल्यावर कडक होतं म्हणजे लाइनमध्ये हवा. ब्रेकचं ऑइल किती जुनं आहे? ते हवेतली ओल ओढतं, दोन वर्षांनी बदलायचंच. कुठलं घालायचं, डॉट ३ की डॉट ४, ते गाडीवरच्या ऑइलच्या डबीच्या झाकणावर वाचून तशीच बाटली घे. आणि ऑइलची पातळी खाली गेली असेल तर नुसतं वर भरू नकोस, आधी डिस्कला घासणारे पॅड बघ. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते.

मनीषाताई: उकडीचे मोदक हवे असतील तर आजच सांगा. २१चा बॉक्स.

प्रसाद: ताई, एक बॉक्स. काका, लायनरचा जोड आणलाय. उद्या सकाळी नाक्यावरच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे बसवतो. काय काय सांगू त्याला?

शेखकाका: ड्रममधली काळी पूड फुंकू नको म्हणावं, हवाही मारू नको. ओल्या फडक्याने पुसायची, ती छातीत गेलेली चांगली नाही. ड्रमच्या आत कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो, १३० मिलिमीटरच्या ड्रमला १३१. काठाला नखाला लागेल अशी पायरी पडली असेल तर मोजून घे, नाहीतर नवे लायनरही महिन्यात रडतील. कॅम बाहेर काढून साफ करून ग्रीस, पण बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. जास्त लावलं तर तापून लायनरवर उतरतं, मग परत बोंब. आर्म ठिपक्याला ठिपका. आणि अॅक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) नट शेवटचा आवळताना पायडल दाबून धरायचं, म्हणजे शू ड्रमच्या मधोमध बसतात. हे बहुतेक जण विसरतात.

आणि एक राहिलं. ब्रेक प्लेटपासून स्विंगआर्मपर्यंत (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यापर्यंत) जी पट्टी जाते तिच्या नटाला, तो सुटू नये म्हणून, स्प्लिट पिन घातलेली तू स्वतः बघ. पट्टी सुटली तर ब्रेक दाबल्यावर अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरेल.

अमोल: काका, माझी २०२१ची आहे. तीच रीत?

शेखकाका: नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही लागतात) किंवा एबीएस (चाक जाम होऊ देत नाही) सक्तीचं झालं. तुझ्यात मागचं पायडल पुढच्या ब्रेकलाही ओढतं. मागचा नट मनाने आवळलास तर दोन्हींचा मेळ बिघडेल. पुस्तक बघ.

प्रसाद: झालं! जुने लायनर दाखवू? [फोटो] एका कडेला जवळजवळ पत्रा लागलाय.

शेखकाका: बघितलंस ना. पायडलला प्ले, म्हणजे ब्रेक धरायच्या आधीची मोकळी चाल, किती ठेवलाय? साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हवा. चाक हाताने फिरवून बघ, कुठे घासतंय का.

प्रसाद: मोकळं फिरतंय, एका जागी किंचित आवाज येतो. पण धरतोय मात्र मापात, एकदम कडक नाही.

शेखकाका: नव्या लायनरला ड्रमशी जमायला शे-दीडशे किलोमीटर लागतात. तोवर जोरात ब्रेक मारू नको. तो आवाजही त्यात जाईल. रविवारच्या आधी ऑफिसला ह्याच गाडीने जा.

प्रसाद: अजून एक. आता ब्रेक धरतो आधी आणि मागचा लाल दिवा लागतो नंतर.

शेखकाका: पायडल खोल जायचं म्हणून कोणीतरी स्विच खाली घेतला असेल. पायडलजवळ स्प्रिंगने लटकलेला स्विच आहे. स्विच हाताने धरून ठेवायचा आणि नट फिरवून तो वर घ्यायचा. स्विच फिरवलास तर वायरी पिळल्या जातील. पुढे चेन आवळलीस की चाक मागे सरकतं, ब्रेक घट्ट होतो. तेव्हा प्ले पुन्हा बघायचा, मग दिवा.

प्रसाद: केलं. पाय ठेवला की दिवा लागतोय.

सेक्रेटरी (ए-१०४): प्रसाद, तुमच्या पार्किंगमध्ये काळं फडकं आणि ग्रीसचा डबा पडलाय.