मदत हवी आहे: शेजाऱ्यांनी चालवलेल्या नेटवर्कला स्वतःचे आयपीव्ही६ पत्ते परवडतील कसे?

नमस्कार मंडळी,

मिशिगनमध्ये आमच्या वस्तीत शेजाऱ्यांनी मिळून चालवलेलं एक मेश नेटवर्क आहे. वाचनालयाच्या गच्चीवर मुख्य अँटेना आणि तिथून आसपासच्या घरांच्या छपरांवर छोटे रेडिओ. पगारी माणूस कुणीच नाही. घरटी महिन्याला दहा डॉलर मागतो. ज्यांना तेही जमत नाहीत त्यांचं नेट तोडायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरलंय. इथे नेटवर्किंगमध्ये मुरलेले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर विचारतेय.

अडचण पत्त्यांची आहे. आमचा प्रोव्हायडर (आम्हाला इंटरनेट देणारी कंपनी) जो आयपीव्ही६ प्रीफिक्स (इंटरनेटच्या नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा, सुरुवात सारखी असलेला गट) देतो, तोच आम्ही खाली घराघरांत वाटतो. करार बदलला किंवा त्यांनी त्यांच्याकडे काही हलवलं की प्रीफिक्स बदलतो. घरातले फोन-लॅपटॉप नवा पत्ता आपोआप घेतात, त्यांचं काही अडत नाही. पण राउटर, फायरवॉलचे नियम, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा), मॉनिटरिंग या सगळ्यांत पत्ते हाताने भरलेले असतात. मागे असंच झालं तेव्हा चर्चच्या छपरावरचा राउटर लांबून हाती लागेना. ऐन जानेवारीत, बर्फ साचलेलं असताना, शिडी लावून लॅपटॉप वर न्यावा लागला आणि कन्सोल केबल जोडून एकेक ओळ बदलावी लागली. वर चढल्या त्या आमच्या शेजारीणबाई टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांच्यावर पुन्हा ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे पत्ते) विकत घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला आणि नंतरच्या बाजारात एका पत्त्याचा भाव मध्यंतरी ५० डॉलरच्या वर गेला होता. लहानात लहान गट २५६ पत्त्यांचा, म्हणजे गणित तुम्हीच करा. सध्या सगळी वस्ती एकाच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यामागे आहे. ब्राउझिंगला ते चालतं, पण बाहेरून आतल्या एखाद्या यंत्रापर्यंत थेट पोचता येत नाही. कारखान्यांच्या बाजूच्या घरांवर आम्ही हवेचे सेन्सर बसवलेत, दम्याचा त्रास असलेल्या मुलांचे आईबाप ऑफिसातून त्यांचे आकडे पाहतात. ते सेन्सर बाहेरून थेट दिसतात ते फक्त आयपीव्ही६मुळे, आणि प्रीफिक्स बदलला की तेही दिसेनासे होतात.

आतल्या वापरासाठी एफडीने सुरू होणारे खासगी पत्ते आणि नेटवर्कच्या वेशीवर त्यांचं सार्वजनिक पत्त्यांत भाषांतर, हा उपाय माहीत आहे. पण मग आयपीव्ही६ घेऊन पुन्हा नॅटच्याच (वाटेत पत्ते बदलण्याच्या) फेऱ्यात अडकायचं. हरिकेन इलेक्ट्रिक या कंपनीचा मोफत टनेल (त्यांच्या नेटवर्कमधून आपली रहदारी नेणारी वाट) /४८ देतो (तिरप्या रेघेपुढचा आकडा जितका लहान, तितका पत्त्यांचा गट मोठा) आणि शिकायला उत्तम आहे. मात्र नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये असे टनेल अडवायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्या वस्तीला त्यावर टाकायची हिंमत होत नाही.

म्हणून स्वतःचा ब्लॉक (प्रोव्हायडर बदलला तरी न बदलणारा पत्त्यांचा गट) घ्यायचा विचार आहे. उत्तर अमेरिकेत पत्ते एरिन ही संस्था वाटते आणि तिच्या नियमांत सामुदायिक नेटवर्कसाठी २०१० पासून वेगळं कलम आहे. वर्षानुवर्षं ते जवळपास कुणी वापरलंच नाही, मग त्याची व्याख्या सैल केली गेली. आता कारभारात वापरणारे किंवा स्वयंसेवक प्रमुख असले म्हणजे झालं, बाकी कामाला पगारी माणसं असली तरी चालतात. /४० मिळाला तर प्रत्येक घराला /५६ दिला तरी ६५,५३६ घरं बसतात, म्हणजे जन्माची सोय. फी सगळ्यात खालच्या टप्प्याची. २०२२ च्या दरपत्रकात ती वर्षाला २५० डॉलर होती, नंतर थोडी वाढलीय. ती आम्ही वर्गणीतून काढू शकतो.

पुढचा खर्च मात्र झेपत नाही. ब्लॉक हातात आला तरी तो जगाला कुणीतरी जाहीर करायला हवा. आमचा प्रोव्हायडर बीजीपी (कोणते पत्ते कुठे आहेत हे नेटवर्कांनी एकमेकांना कळवण्याची पद्धत) फक्त महागड्या व्यावसायिक करारावर देतो, सध्याच्या बिलाच्या कितीतरी पट. पत्ते स्वस्त करून भागत नाही, ही गोष्ट अशा धोरणांच्या चर्चेत फार कमी बोलली जाते असं माझं मत आहे.

तर विचारायचंय ते असं. स्वतःचा एएस क्रमांक (इंटरनेटवर आपल्या नेटवर्कची ओळख सांगणारा आकडा) न घेता, नुसतं अधिकारपत्र देऊन प्रोव्हायडरकडून आपला ब्लॉक जाहीर करून घेतलाय का कुणी? त्यांना काय सांगून राजी केलंत? बीजीपी देणारा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेऊन तिथून वायरगार्डने (कूटबद्ध टनेलने) रहदारी आणायची, हे संध्याकाळच्या गर्दीत टिकतं का? आणि आमची संस्था नोंदणीकृत नाही. वाचनालय त्यांच्या नावावर ब्लॉक घ्यायला तयार आहे, पण उद्या तिथलं मंडळ बदललं तर? वेगळी ना-नफा संस्था नोंदवावी, की त्यांच्याशी लेखी करार पुरेल?

पुण्या-मुंबईकडे छोटा आयएसपी चालवणारे कुणी असतील तर अपस्ट्रीम (तुम्हाला इंटरनेट देणारी वरची कंपनी) बदलताना तुम्ही काय करता तेही लिहा.

भर (प्रतिसाद वाचून): सगळ्यांचे आभार. जर्मनीतल्या फ्रायफुंकचं (स्वयंसेवकांच्या सामुदायिक नेटवर्कांच्या चळवळीचं) उदाहरण दिलंत ते फार कामाचं आहे. फ्रायफुंक ऱ्हाइनलँड ही नोंदणीकृत संस्था स्वतःच्या एएस क्रमांकावरून कितीतरी गावांच्या गटांची रहदारी बाहेर नेते, त्यामुळे प्रत्येक गटाला वेगळा खर्च पडत नाही. आमच्या राज्यात अशी आणखी दोन-तीन नेटवर्क एकत्र आली तर एरिनची फी आणि बीजीपीचा करार दोन्ही वाटून घेता येतील. अशा सामायिक संस्थेत एखादा गट बाहेर पडला तर त्याच्या वाट्याच्या पत्त्यांचं काय करायचं, याची नियमावली कुणी लिहिली असेल तर कृपया मसुदा दाखवा. वाचनालयाच्या मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे, तिथे तो मांडायचा आहे.