तीन बटनं दाबून आले, पण कशावरून? तुम्ही कसं ठरवता?

झेरॉक्सवाली | ४ डिसेंबर २०२५

आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. क वर्ग नगरपरिषद, दहा प्रभाग, वीस नगरसेवक, म्हणजे प्रभागाला अ आणि ब अशा दोन जागा. मंगळवारी मतदान झालं. एक नगराध्यक्षाचं, एक अ जागेचं, एक ब जागेचं. शेवटचं बटन दाबल्यावर एकदाचा बीप वाजला आणि मी बाहेर आले. निकाल दुसऱ्याच दिवशी लागायचा, तो कोर्टाने २१ तारखेवर नेला. आता मशिनं गोदामात, दाराशी पोलिस, आणि पोलिसांसमोर दोन्हीकडची पोरं शेकोटी करून राखण बसलीत. निकाल लागला असता तर विषय संपला असता. आता अडीच आठवडे डोक्यात तेच.

माझं कचेरीसमोर झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, १४ वर्षं झाली. १० ते १७ नोव्हेंबर अर्ज भरायचे होते, त्या आठवड्यात रात्री अकराच्या आत शटर ओढलं नाही. अर्ज ऑनलाइन भरून द्यायचा, प्रिंट काढायची, शपथपत्र तयार करायचं. दुकानात एक प्लास्टिकचं स्टूल आहे, निम्मे उमेदवार त्याच्यावर बसून गेले.

महिला राखीव जागांचे अर्ज बहुतेक नवरे नाहीतर दीर घेऊन आले. "मॅडमची सही कुठं कुठं लागते तिथं पेन्सिलने फुल्या मारून द्या." दिल्या मारून. एक बाई मात्र स्वतः आल्या. शिवणकाम करतात, अपक्ष. स्टुलावर बसून शपथपत्राचं पानन् पान वाचलं. सोन्याच्या रकान्यापाशी अडकल्या आणि घरी फोन लावला, "आत्या, तुमच्या पाटल्या माझ्यात धरायच्या का हो?" दीड तास गेला. मागं सात माणसं ताटकळत. खरं सांगते, तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

दुसरे आमच्याच प्रभागातले, ब जागेचे. थकबाकी नसल्याचा दाखला जोडावा लागतो. या गृहस्थांनी २०१९ पासूनची घरपट्टी-पाणीपट्टी त्या दिवशी सकाळी भरली आणि पावत्या झेरॉक्सला टाकल्या. चळत होती नुसती. गावाचा कारभार मागायला निघालेला माणूस सहा वर्षं स्वतःच्या नळाचे पैसे देत नाही. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे सासरे गेले, कोविडने, तेव्हा रात्री दोनला शववाहिका घेऊन हाच माणूस आला होता. भाऊबंद गल्लीच्या तोंडाशीसुद्धा आले नाहीत.

अ ला मी पाटल्यावाल्या बाईंना मत दिलं. ब ला पावत्यांवाल्याला. आणि नगराध्यक्षाला कुणाला दिलं ते सांगणार नाही, पण कारण सांगते: त्यांच्या प्रचाराच्या रिक्षाचा भोंगा दुपारी दोन ते चार बंद असायचा. एवढंच. त्यांचं शिक्षण, जाहीरनामा, काही वाचलं नाही. जाहीरनामा तर आमच्याच दुकानात टाइप झाला होता!

म्हणून विचारते. तुम्ही कशावरून ठरवता? पक्ष नको, नावं नकोत. आत गेल्यावर बोट कशामुळं हललं ते सांगा.

---

चौथा_मजला | ४ डिसेंबर

तुम्हाला तीन बटनं, आम्हाला पुण्यात चार. तीही अजून नशिबात नाहीत, शेवटचं महापालिकेचं मतदान फेब्रुवारी २०१७ मध्ये केलंय. इच्छुक मात्र दिवाळीपासून घरी येतायत: उटणं, आकाशकंदील, आईला देवदर्शनाची सहल, बायकोला पैठणीचा खेळ. चौघांपैकी एकाचंही तोंड मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तुमच्याकडं निदान स्टूल तरी आहे.

---

प्रामाणिक_मत | ५ डिसेंबर

ताई, राग मानू नका. गिऱ्हाईकाने विश्वासाने दिलेले कागद असे चव्हाट्यावर मांडायचे का? उद्या कुणी तुमच्याकडं झेरॉक्सला यायला नको.

---

झेरॉक्सवाली | ५ डिसेंबर

शपथपत्र तर लोकांनी वाचावं म्हणूनच असतं, ते लपवायचं काय? पावत्यांचं मात्र तुमचं बरोबर आहे. गाव आणि नाव सांगितलेलं नाही, तेवढी अक्कल ठेवलीय. पण टोचलं. टोचायलाच पाहिजे होतं.

---

सभालिपिक_निवृत्त | ६ डिसेंबर

मी एका नगरपरिषदेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा सभेच्या टेबलावर. म्हणजे विषयपत्रिका काढायची, सभेत बसायचं, इतिवृत्त लिहायचं. नगरसेवक कसा आहे हे त्याच्या घरच्यांपेक्षा सभालिपिकाला जास्त कळतं.

सभेच्या आधी विषयपत्रिका घरपोच जाते. सभेच्या दिवशी वीस जणांतले चौघे ती उघडून आलेले असतात. बाकीचे सभागृहात पाकीट फोडतात. मग वाचन सुरू होतं: विषय क्रमांक एक, मंजूर. दोन, मंजूर. चहा येतो. सात, मंजूर. मी स्वतः एकदा टायपिंगच्या चुकीने एकच विषय दोन क्रमांकांवर घातला होता. दोन्हीकडं मंजूर झाला, सूचक-अनुमोदकासह.

आमच्याकडं एक नगरसेवक होते, चहाची गाडी चालवायचे, सातवी शिकलेले. त्यांचा प्रत्येक सभेत एकच प्रश्न: "पाइप किती इंची?" पाणीपुरवठ्याचा विषय आला की हे उठणार. चार इंची की सहा इंची, आणि जिथं जोडणार तिथली जुनी लाइन किती इंची. लोक हसायचे. पण अभियंता त्यांच्या प्रश्नाच्या भीतीने आदल्या दिवशी जागेवर जाऊन टेप लावून यायचा. पुढच्या निवडणुकीत ते पडले. लोक म्हणाले, माणूस चांगला पण लग्नाकार्याला येत नाही. संध्याकाळीच तर गाडीवर गिऱ्हाईक असायचं त्यांना!

तेव्हा ताई, रात्री दोनला धावून येणारा माणूस मोठाच. पण शववाहिका बोलावायला नगरसेवकपद लागत नाही. सभेत बसून "पाइप किती इंची" विचारायला लागतं.

यंदा अडचण वेगळी होती, हे मान्य. आमच्या भागातल्या बहुतेक नगरपरिषदांचं मतदान २७ नोव्हेंबर २०१६ ला झालेलं, मुदत २०२१ संपता संपता संपली. तिथून पुढं चार वर्षं मुख्याधिकारीच प्रशासक. त्यामुळं प्रचारात जुन्या नगरसेवकाला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "प्रशासक होता, आमच्या हातात काय होतं?" आणि नवख्याला विचारलं तर तो म्हणतो, "मला एकदा संधी द्या." दोघंही सुटले. पण २०१७ ते २०२१ ची इतिवृत्तं दप्तरी आहेत की. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, प्रत पानाला दोन रुपये. कोण कुठल्या सभेला गैरहजर होतं, कुठल्या ठरावाला कोण सूचक होतं, सगळं मिळतं. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणजे अर्ज निवडणूक लागायच्या आधी टाकायला हवा, आणि त्या वेळी कुणाला आठवत नाही. मी नोकरीत असताना असा अर्ज एकानेच केला होता. तोही ठेकेदार होता, त्याचं बिल अडकलं होतं.

घरपट्टीवरून आठवलं. नोटबंदीत नगरपालिकांनी जुन्या नोटा घ्यायला परवानगी होती, तेव्हा आमच्या खिडकीवर जी रांग लागली तशी मी उभ्या जन्मात पाहिली नाही. दहा-दहा वर्षांचे थकबाकीदार, सगळे एका आठवड्यात प्रामाणिक झाले. त्या रांगेत उमेदवारही होते.

---

कपबशी_२०१६ | ७ डिसेंबर

वरचं वाचून लिहायला बसले. मी २०१६ ला अपक्ष उभी होते, कपबशी चिन्ह. ११ मतांनी पडले. चिन्ह हातात पडल्यावर अपक्षाला प्रचाराला मोजके दिवस उरतात, त्यात आधी लोकांना कपबशी पाठ करायला लावायची, मग स्वतःचं नाव.

झेरॉक्सवाली ताई, तुमचा प्रश्न मी दुसऱ्या बाजूने ऐकलाय, उंबऱ्याबाहेर उभं राहून. मला वाटलेलं लोक विचारतील, काय करणार? तसं कुणीच विचारलं नाही. पुरुषांनी विचारलं, "तुमच्या मागं कोण आहे?" बायकांचा प्रश्न वेगळा होता. आमच्या वरच्या आळीला पाणी पहाटे साडेचारला यायचं, तेही पाऊण तास. तिथं एकीनं हंडा खाली न ठेवता विचारलं, "व्हॉल्व्ह सोडणारा माणूस तुझं ऐकंल का?" मी म्हणाले, ऐकावंच लागेल, नियम आहे. ती म्हणाली, "मग नाही ऐकायचा."

तेव्हा मला ती अडाणी वाटली होती. आता नाही वाटत. तिला पाऊण तासाचा सव्वा तास हवा होता आणि तो कुणाच्या शब्दाने होतो हे तिला माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. मला अभियंत्याचा फोन नंबरही ठाऊक नव्हता. तिनं मला मत दिलं नसणार, आणि तिच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं.

सभालिपिक काका, तुमच्या पाइपवाल्या नगरसेवकांचंही तेच झालं असेल. सभेतलं बोलणं नळावर ऐकू येत नाही. इतिवृत्त दप्तरात आणि लग्नातला आहेर सगळ्यांसमोर, मग लोक दुसऱ्यावरूनच माणूस ओळखणार.

पाकिटाचं कुणी बोललं नाही, मीच बोलते. नोटबंदीला तीन आठवडेही झाले नव्हते, त्यामुळं त्या वर्षी लक्ष्मीदर्शनाची फार पंचाईत झाली. जुनी पाचशेची नोट आणली तर लोक परत पाठवायचे, "बँकेच्या रांगेत तू उभा राहणार का?" माझ्या शेजारच्या घरी तर भांडणच लागलं. घरात पाच मतं, पण पाकीट तिघांचंच आलं, कारण दोन पोरं पुण्याला. म्हातारी कार्यकर्त्याच्या अंगावर धावून गेली, "पुण्याला आहेत म्हणून काय मेलीत का? यादीत नावं नाहीत त्यांची?" यादी काढून दाखवली तिनं. मतदार यादीचा एवढा बारीक अभ्यास मी उमेदवार असून केला नव्हता. त्या पोरांसाठी शनिवारी रात्री पुण्याहून गाडी आली, दोघं उतरले, रविवारी मतदान केलं, जेवले, गेले. कुणाला दिलं माहीत नाही. मी ११ मतांनी पडले आहे, त्यामुळं त्या दोघांकडं बघितलं की अजून मोजते.

---

चौथा_मजला | ७ डिसेंबर

कपबशीताई, परत उभ्या का नाही राहिलात यंदा?

---

कपबशी_२०१६ | ७ डिसेंबर

आमचा वॉर्ड आता दुसऱ्या प्रभागात गेला आणि सासूबाई अंथरुणाला. दोन्ही कारणं खरी आहेत, पण पहिलंच सांगते सगळ्यांना.

---

सभालिपिक_निवृत्त | ८ डिसेंबर

"इतिवृत्त दप्तरात, आहेर सगळ्यांसमोर." बारा वर्षं मी ते दप्तर बांधून कपाटात ठेवत होतो, किल्ली माझ्याकडंच होती. दाराशी फलक होता, ठराव त्यावर लावता आले असते. कुणी सांगितलं नाही आणि मीही लावले नाहीत. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

---

झेरॉक्सवाली | २४ डिसेंबर

निकाल लागला रविवारी. पावत्यांवाले निवडून आले, चांगल्या मतांनी. पाटल्यावाल्या बाई ४३ मतांनी पडल्या. नगराध्यक्षाचं भोंगा बंद ठेवून जमलं की नाही ते सांगत नाही, कारण मग गाव ओळखाल.

सोमवारी सकाळी विजयी नगरसेवकांचा माणूस आभाराचा फ्लेक्स सांगायला आला. दहा बाय पाच, वर सगळे नेते, खाली सतरा कार्यकर्त्यांचे फोटो. पैसे? "साहेबांच्या खात्यावर लिहा." मी म्हणाले, खातं नाही दुकानात. तो हसला. मग मीच म्हणाले, साहेबांना सांगा, पहिल्या सभेची विषयपत्रिका आली की एक प्रत मला द्या, झेरॉक्स मी फुकट करून दारात लावीन. तो पुन्हा हसला, चेष्टा वाटली त्याला. फ्लेक्सचे पैसे अजून आलेले नाहीत.

काल दुपारी बाई आल्या, त्याच स्टुलावर बसल्या. हरलेल्यालाही निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, नाहीतर पुढं उभं राहता येत नाही. क वर्गात सदस्याला अडीच लाखांची मर्यादा आहे, यांचा खर्च त्याच्या जवळपाससुद्धा नाही. पिशवीतून बिलं काढली: रिक्षाचं, पत्रकांचं (आमचंच), चहावाल्याचं. मी बोलले, मत तुम्हाला दिलं होतं. त्या म्हणाल्या, "सगळेच म्हणतात." मग मी गप्प टाइप करत राहिले.

चहाचे ६४० दोनदा लिहिले गेले होते, ते त्यांनीच पकडलं. पान पुन्हा काढून दिलं. दोन्ही प्रिंटचे पैसे मोजून ठेवून गेल्या. चुकलेल्या पानाचे घेऊ नका म्हणणार होते, पण तोवर त्या पायरी उतरल्या होत्या.