कोलेस्टेरॉल शरीराला हवेच असेल, तर ते कमी का करायचे?

प्रश्न

नमस्कार. माझे वय ४४ आहे. गेल्या महिन्यातील रक्ततपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २४८, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ४२, ट्रायग्लिसराइड (रक्तातील मेद) १९० आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६८ (सर्व मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असे आकडे आले. रक्तदाब आणि साखर ठीक आहे, धूम्रपान करत नाही. परंतु वडिलांना ५१व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, हे ऐकल्यावर डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातील गोळी रोज घेण्यास सांगितले. चिठ्ठी अजून खिशातच आहे. मेंदू आणि संप्रेरके कोलेस्टेरॉलवरच चालतात, ते कमी केले तर स्मरणशक्ती जाईल, असे एका जवळच्या मित्राने मला बजावले आहे. जो पदार्थ शरीर स्वतःच तयार करते, तो हृदयाच्या मुळावर कसा उठतो, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

उत्तर १ (जीवरसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका)

तुमच्या मित्राचे निम्मे म्हणणे अगदी खरे आहे आणि ते आधी मान्य करायला हवे. प्रत्येक पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल असते. ते पटलाला फार ताठरही होऊ देत नाही आणि फार सैलही. कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके आणि मेदाचे पचन करणारी पित्ताम्ले त्यापासूनच बनतात. शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या मेंदूत असतो.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो. रक्तातील एलडीएल कण मेंदूत शिरत नाहीत. त्यामुळे तुमच्या अहवालातील १६८ हा आकडा मेंदूच्या साठ्याविषयी काहीच सांगत नाही. नवजात बाळाच्या नाळेतील रक्तात एलडीएल ३०च्या आसपास असते, आणि त्या काळात मेंदूची वाढ किती झपाट्याने चाललेली असते, हे आपण जाणतोच.

आता हृदयाकडे येऊ. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून नेण्यासाठी त्याला प्रथिनाच्या वेष्टनातील सूक्ष्म कणांत भरावे लागते. एलडीएल हा असाच एक कण आहे. यकृताच्या पेशींवरील ग्राहक (रिसेप्टर) हे कण पकडून आत ओढतात आणि रक्त मोकळे करतात. या ग्राहकांच्या शोधासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा अभ्यास सुरू झाला तो काही मुलांपासून. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यामुळे या मुलांचे ग्राहक काम करत नाहीत, एलडीएल अनेक पटींनी वाढते आणि बालपणीच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. तिथे तंबाखू नाही, वाढते वय नाही, वर्षानुवर्षांचा रक्तदाब नाही. मला आजवर भेटलेल्या सर्व पुराव्यांत हा सर्वांत बोलका वाटतो.

रक्तात कण जितके अधिक आणि जितकी वर्षे अधिक, तितके जास्त कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरून तिथेच अडकतात. त्यांना गिळायला आलेल्या भक्षक पेशी मेदाने इतक्या भरतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे अंतरंग साबणाच्या फेसासारखे दिसते. म्हणूनच त्यांना फेनपेशी म्हणतात. अशा थरावरचे पातळ आवरण एखाद्या दिवशी फाटते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. पेशीला लागणारे कोलेस्टेरॉल आणि धमनीच्या भिंतीत साचलेले कोलेस्टेरॉल हा पदार्थ एकच आहे, पण ती दोन वेगळी ठिकाणे आहेत.

याची उलट बाजूही तपासली गेली आहे. पीसीएसके९ नावाचे जनुक निष्क्रिय असलेल्यांचे एलडीएल जन्मापासून कमी राहते. अमेरिकेतील अशा कृष्णवर्णीय व्यक्तींचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे एलडीएल सरासरी २८ टक्के कमी होते, तर हृदयधमनीचा विकार तब्बल ८८ टक्के कमी आढळला.

उत्तर २ (प्रयोगशाळेत काम करणारा)

अहवालाविषयी थोडे सांगतो. बहुतेक ठिकाणी एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूणातून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करायचा. तुमचे २४८ वजा ४२ वजा ३८, म्हणजे बरोबर १६८. हे सूत्र १९७२ सालचे आहे आणि ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेले की ते विश्वासार्ह राहत नाही.

रोज नळ्या हाताळताना एक गोष्ट डोळ्यांना दिसते. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असले की रक्तद्रव दुधासारखा गढूळ दिसतो. नुसते एलडीएल वाढलेले असले तर तो स्वच्छ, पारदर्शक, अगदी निरोगी माणसासारखा असतो. वाढलेले एलडीएल त्या माणसालाही असेच कुठे जाणवत नाही.

डॉक्टरांना दोन गोष्टी अवश्य विचारा. थायरॉइड मंदावले असेल तर एलडीएल वाढते, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पाहिले आहे का? आणि वडिलांचा झटका लवकरचा असल्याने लायपोप्रोटीन (ए) हा एलडीएलसारखाच आणखी एक कण एकदा तपासावा का? त्याचे प्रमाण मुख्यतः आनुवंशिक असल्यामुळे ते सहसा आयुष्यात एकदा मोजले तरी पुरते.

उत्तर ३

मी ६ वर्षे स्टॅटिन घेत आहे. तिसऱ्या महिन्यात पोटऱ्या दुखू लागल्या आणि मी कोणालाही न सांगता गोळी बंद केली, ही माझी चूक झाली. नंतर डॉक्टरांनी रक्तातील सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारे विकर) तपासले, ते सामान्य निघाले. काही आठवडे थांबून दुसरी स्टॅटिन कमी मात्रेत सुरू केली आणि ती मला सोसली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच त्या माणसांना आळीपाळीने काही महिने स्टॅटिन, काही महिने औषधरहित गोळी आणि काही महिने काहीच दिले नाही, तेव्हा स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग औषधरहित गोळीवरही जाणवला. दुखणे खोटे असते असा याचा अर्थ मुळीच नाही. स्नायूंना खरी गंभीर इजा क्वचित होते, पण तीव्र वेदनेसोबत लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. मेंदूविषयीची भीती गेली. एकच विचारतो: अंड्याचा बलक बंद केला तर गोळी टळेल का?

उत्तर १ (पुन्हा)

बलकाने एवढे साधणार नाही. आहारातून कोलेस्टेरॉल जास्त आले की यकृत स्वतःचे उत्पादन बऱ्याच अंशी आवरते. आहारातील संपृक्त मेदाचा परिणाम अधिक असतो, कारण त्याने यकृतावरील ग्राहकच कमी होतात. तो घटवला आणि विद्राव्य तंतू वाढवले तर पित्ताम्ले तंतूंबरोबर बाहेर पडतात आणि ती नव्याने बनवण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते. नेटाने केल्यास एलडीएल १० ते १५ टक्के उतरू शकते. म्हणजे तुमचे १६८ साधारण १४५ ते १५० वर येईल. वडिलांचा इतिहास पाहता डॉक्टरांना तेवढे पुरेसे वाटेलच असे नाही, म्हणून खिशातील चिठ्ठी आणि हा हिशेब दोन्ही घेऊन त्यांच्याकडे जा. गोळी सुरू केलीत तर ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून आकडा किती उतरला ते पाहता येईल.