मदत हवी आहे: कॉकटेल (कॉकाटील, तुरेवाला छोटा पोपट) उडून गेलाय, उंच झाडावरून खाली कसा आणायचा?

मंडळी, आमचा पिंट्या काल दुपारी उडून गेला. दार कुणी उघडं टाकलं यावर घरात पुरेशी भांडणं झाली आहेत, ती इथे नकोत. शोधायचं कसं तेवढं सांगा.

नर आहे. राखाडी अंग, पिवळं तोंड, गालावर शेंदरी ठिपका, पंखावर पांढरा पट्टा. लांबी ३० सेंटिमीटरच्या आसपास, पण त्यात निम्मी शेपटीच, त्यामुळे पानांत बसला की दिसतच नाही. पायात कडं आहे. त्यावरचा नंबर आणि आणखी एक खूण मुद्दाम लिहीत नाहीये. उद्या कुणी "सापडला" म्हणून फोन केला तर खात्री करून घ्यायला काहीतरी हातात हवं.

खरी अडचण पुढेच आहे. काल दिवस मावळायच्या सुमारास तो सापडला होता! माझ्या मोबाइलच्या अलार्मची धून तो शिट्टीत वाजवतो आणि शेवटचा सूर दरवेळी चुकवतो. तीच धून वरून ऐकू आली. खूप उंच झाड, अगदी शेंड्यावर बसलेला. तुरा ताठ उभा, अंग आक्रसून काडीसारखं बारीक केलेलं. हाक मारली की उत्तर द्यायचा, फांदीवर इकडून तिकडे सरकायचा, पंख अर्धे उघडायचा आणि परत मिटायचा. राळ्याचं कणीस दाखवलं, जे बघितलं की एरवी थेट खांद्यावर येऊन बसतो. तरी खाली आला नाही. मग कावळे मागे लागले, तो पलीकडे उडाला आणि अंधार पडला. आज सकाळपासून आवाजही नाही.

ओळखतो, उत्तर देतो, तरी येत का नाही? रुसलाय का घाबरलाय? घरी त्याची मादी आहे, तिला पिंजऱ्यासकट बाहेर नेऊ का? शेजारचे म्हणतात पाण्याचा फवारा मारा, पंख भिजले की पडेल. मला हे पटत नाही.

प्रतिसाद

ताई, रुसलेला नाही. त्याला खाली उतरताच येत नाहीये. घरात वाढलेला पक्षी या खोलीतून त्या खोलीत सरळ उडतो. घाबरला की वर चढणं सोपं, पण शेंड्यावरून तीव्र उतारात खाली येणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते त्याने कधी केलेलंच नाही. पंख अर्धे उघडून मिटतो म्हणता ना, तो अंदाज घेतोय. म्हणून अगदी बुंध्याशी उभ्या राहू नका. लांब जा, म्हणजे उतार कमी होतो. जवळ एखादी गच्ची असेल तर उत्तम, त्याच्या उंचीच्या जितकं जवळ जाल तितकं बरं.

मादीला जरूर न्या, पण पिंजऱ्याला कुलूप लावून आणि कुणीतरी सतत शेजारी बसून. कावळे, मांजरं तिलाही सोडणार नाहीत. गंमत म्हणजे ती तुमच्याजवळ असली की गप्प बसेल. तुम्ही थोड्या आड गेलात की ओरडायला लागेल, आणि तेच हवंय. तिच्या हाकेचं रेकॉर्डिंग करून ठेवा, पण सलग वाजवू नका. थोडं वाजवा, मग शांत राहून कान द्या. सतत आवाज चालू असेल तर त्याचं उत्तर तुम्हालाच ऐकू येणार नाही.

सकाळपासून आवाज नाही म्हणून धीर सोडू नका. हे पक्षी पहाटे आणि दिवस मावळताना बोलतात, भर दुपारी पानांत गप्प बसतात. रात्री उडत नाहीत, त्यामुळे काल अंधार पडताना ज्या बाजूला गेला तिथूनच उजाडायच्या आत सुरुवात करा. वारा कुठल्या दिशेला होता तेही आठवा, हलका पक्षी वाऱ्याबरोबर वाहत जातो.

फवारा अजिबात नको. भिजलेला पक्षी गारठतो, वरून आदळू शकतो, आणि घाबरून उडालाच तर दृष्टीआड होईल. झाडावर चढणं, जाळं टाकणं, फांदी हलवणं, यातलंही काही नको.

आणि आजच आसपासच्या पक्ष्यांच्या डॉक्टरांना, प्राणी वाचवणाऱ्या संस्थांना फोटो पाठवा. भूक लागली की माणसाळलेला पक्षी अनोळखी माणसाच्या खांद्यावरही जाऊन बसतो. तुमच्या पत्रकावर फोटो मोठा आणि फोन नंबर त्याहून मोठा हवा, बाकी मजकूर कुणी वाचत नाही.