दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांचं जेवण: तुमचे अनुभव लिहा

आई ठाण्यात बारा दिवस ॲडमिट होती. न्यूमोनिया बरा झाला, पण घरी आली तेव्हा संडासापर्यंत चालवेना. वजन ५२ वरून ४९. ताट वेळेवर यायचं आणि जवळपास तसंच परत जायचं. 'भूक नाही' म्हणायची. पाचव्या दिवशी भावाने विचारलं, "आईची कवळी कुठाय?" नौपाड्यात, घरी, वाटीतल्या पाण्यात! लिहा मंडळी, तुमच्याकडे काय झालं?

वाशी: बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनसाठी रात्री बारापासून उपाशी, आणि दुपारी चारला निरोप, "आज नाही, उद्या." उद्याही तेच. मग भूलतज्ज्ञांनाच गाठलं. ते म्हणाले, खाणं बंद ते सहा तास आधीपासून, साधं पाणी मात्र बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं. तेव्हापासून रोज आधी 'नंबर कितवा?' विचारायचो. दुसरी चूक आमचीच. डबाभर वरणाचं पाणी पाजायचो. डाएटीशियन बाईंनी हिशेब मांडला: किलोमागे निदान १ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ५८ किलोच्या बाबांना साठेक ग्रॅम. एका अंड्यात सहा. पाण्यात काय असणार, हळद! मग घट्ट वरण, अंडं, पनीर सुरू केलं.

कोपरखैरणे: मी वॉर्डात नर्स आहे. ताट उचलणारे मावशी-मामा वेगळे, चार्ट भरणारे आम्ही. त्यामुळे अर्धं उरलं की पूर्ण, हे आमच्यापर्यंत येतच नाही. नातेवाइकांनो, आम्हाला सांगा. ॲडमिट होताना वजन करून घ्या. आणि रात्रीचं जेवण सातला, चहा सकाळी आठला. मधल्या तेरा तासांसाठी उशाशी काही ठेवा.

ऐरोली: सासूबाईंना बीपी, शुगर, सगळं. अळणी जेवण बघून तोंड फिरवायच्या. खाणंच बंद पडतंय म्हटल्यावर डॉक्टरांनी पथ्य सैल केलं. आम्ही आगरी. तांदळाची भाकरी आणि चिमूटभर सुकट नेली. वॉर्डभर वास, शेजारच्या बाई वैतागल्या, पण ह्यांनी अख्खी भाकरी खाल्ली.

कळवा: एक सांगते, पॅरालिसिसच्या पेशंटला ठसका लागत असेल तर जबरदस्तीने भरवू नका. आमच्या काकांना आधी गिळण्याची तपासणी करून घट्टसर पेज दिली, बसवून.

धागाकर्ती: वाचतेय सगळं. आईची कवळी आता सैल बसते, वजन उतरल्यामुळे असेल. दातांच्या डॉक्टरांनी गुरुवारी बोलावलंय. तोवर मऊ खिमट, वर तूप.