'मिसाबंदी'तला 'बंदी' कोणता?

रेवती: आत्याच्या आठवणी टंकते आहे. आणीबाणीत ती मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवायच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात होती. तिचं वाक्य आहे, 'सुटल्यावर आम्ही मिसाबंदी घरी बसलो नाही, मार्च ७७च्या निवडणुकीत दारोदार फिरलो.' लेकीने वाचून विचारलं, मिसावर बंदी कधी आली? नोटबंदी, दारूबंदी ऐकत वाढलेली मुलं ती. 'माजी राजबंदी' करू का? आत्या 'माजी'ला अजिबात तयार नाही. म्हणते, माजी आमदार असतो.

अण्णा: राजबंदीच करा. इंग्रजी आद्याक्षरांना शेपूट जोडून झालेला शब्द पुस्तकात कशाला?

नाशिकरोड: अण्णा, तो शब्द आतल्या माणसांनी वापरलाय. माझे वडील मिसात होते, काका डीआयआरमध्ये, म्हणजे भारत संरक्षण नियमांखाली. काकांवर निदान खटला चालला. वडिलांना सुटायची तारीखच नव्हती, आई रोज कॅलेंडरकडे बघायची. 'राजबंदी' म्हटलं की हा फरक पुसला जातो.

पदर: बंदी दोन आहेत. एक फारसी वळणाचा, जमाबंदी, तटबंदी, नाकेबंदीतला, तो स्त्रीलिंगी. दुसरा बंदी म्हणजे कैदी, बंदिशाळेतला. नोटबंदी 'झाली', मिसाबंदी 'सुटले'. रूपही बघा: नोटबंदीला, पण मिसाबंद्याला. आणि राजाची स्तुती गाणारे भाट तेही बंदिजन!

अण्णा: भाटांचा इथे काय संबंध? आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना राज्य सरकार मानधन देतं, आता त्याच्या बातम्यांत डीआयआरवालेही सरसकट मिसाबंदी होतात. २०१८ला मानधन सुरू झालं, २०२०ला बंद, २०२२ला पुन्हा सुरू. दर वेळी मथळा तोच. मग फरक राहिला कुठे?

नाशिकरोड: मथळ्यात नसेल, आमच्या घरात आहे. जॉर्ज फर्नांडिस ७७ला तुरुंगातूनच मुजफ्फरपूरमधून निवडून आले, तेव्हा ते बडोदा डायनामाइट खटल्यातले आरोपी होते, म्हणजे कच्चे कैदी. त्यांनाही लोक आता मिसाबंदी म्हणतात, ते मला खटकतं.

मुक्ता: आत्याबाईंचं पटलं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर तुरुंगातून सुटून थेट लोकसभेत गेल्या. त्यांना 'माजी' कुणी म्हटलं नाही. पण बाईला 'मिसाबंदी' कसं? बंदिनी हवं.

पदर: बंदिनी नको. त्यात असहायता येते. 'ती मिसाबंदी होती' चालतं की.

मुक्ता: चालतं म्हणून बरोबर?

नाशिकरोड: रेवतीताई, आत्या कुठल्या बराकीत होत्या? आमची मावशीही येरवड्यालाच होती. विचाराल का?