परराष्ट्र धोरण आणि विदर्भातील विद्यार्थी
विद्यार्थ्यांना परराष्ट्र धोरणात केवळ पाकिस्तान आणि चीन दिसतात, असे एक मत मांडले जाते; मला ते अपुरे वाटते. नागपुरात शिकणाऱ्या, काटोल-नरखेडकडच्या संत्रा उत्पादक घरांतील मुलामुलींशी बोलल्यास बांगलादेशाचा विषय आधी निघतो, कारण त्या देशाने संत्र्यावरील आयात शुल्क गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवल्यामुळे तिकडे होणारी निर्यात रोडावली आणि त्याचा फटका थेट घरच्या उत्पन्नाला बसला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले आणि त्याच महिन्यात केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते हटवले. कापूस पिकवणाऱ्या घरांत ही चर्चाही तितकीच गंभीरपणे झाली. सीमासुरक्षा महत्त्वाची आहेच, परंतु शेजाऱ्यांशी शेतमालाच्या शुल्काबाबत वाटाघाटी करणे हे दुय्यम काम मानले जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.